राजमातेने भोपळा चिरला

एकदा काय झालं, एका गावात एकसुद्धा पुरुष उरला नाही.

हसू नका. खरंच नाही उरला. आणि गाव म्हणजे काही वाडीबिडी नव्हती बरं का, राजाची राजधानी होती. तांबडमाळ तिचं नाव. बाजार होता, तळं होतं, राजवाडा होता. फक्त पुरुष नव्हते. कुठे गेले? तेच तर सांगते. वेणू, पाय आत घे. बंडू, तिचं पांघरूण ओढू नकोस. हं.

तर तांबडमाळच्या बाजूला एक डोंगर होता. त्या डोंगरावर कुठूनसा एक राक्षस राहायला आला. आला तो आला, पण भारी खोडसाळ. माळावर गुरं चरायला जायची ना, तर संध्याकाळी गुरं घरी यायची आणि गुराखी यायचा नाही. आज एक, उद्या दुसरा. मग गावात रडारड सुरू झाली. राजाचं नाव यशोधर. तो म्हणाला, आता पुरे झालं. त्याने दवंडी पिटवली, की ज्याला ज्याला मिसरूड फुटलंय त्याने काठी घ्यावी आणि माझ्याबरोबर चलावं. लहान मुलगे आणि काठी टेकत चालणारे आजोबा, त्यांना त्याने मामाच्या गावी धाडून दिलं. कारण राक्षस पुरुषमाणसंच पळवायचा. बायकांना आणि मुलींना तो हातसुद्धा लावायचा नाही. या काय करणार आहेत आपलं, असं त्याला वाटायचं. पुष्कळांना वाटतं तसं.

निघताना राजाच्या आईने त्याच्या हातावर दही ठेवलं. तो तिचा एकुलता एक. थोरला म्हणा, धाकटा म्हणा, तोच. त्याने दही चाटलं, आईच्या पाया पडला आणि निघाला. त्याच्यामागे सगळा गाव निघाला. सुतार, लोहार, कोतवाल, राजवाड्यातला आचारी, सगळे.

ते गेले आणि परत आलेच नाहीत.

आठवडा गेला, महिना गेला. बायका डोंगराकडे बघत राहिल्या. डोंगर गप्प. बायकांनी आपली कामं केली, पुरुषांचीही केली. कोणी नांगर धरला, कोणी ऐरण. कोतवालाची बायको कोतवाली करायला लागली, आणि लोक म्हणायला लागले की चोऱ्या कमी झाल्या. ते असो.

मग एक गंमत झाली. गावात घराघरामागे भोपळ्याचे वेल उगवले. कोणी पेरले नव्हते बरं का. उकिरड्यावर उगवले, गोठ्याच्या छपरावर चढले, न्हाणीघरामागे पसरले. पानं सुपाएवढी. त्या वेलांनी दुसरं काही म्हणून येऊ दिलं नाही. वांगी सुकली, मेथी पिवळी पडली, दोडक्याने मान टाकली. आणि वेलांना धरले भोपळे. लालभडक, गरगरीत, ताठ देठाचे. राजवाड्याच्या मागे धरला तो तर एवढा मोठा, की तो आत आणायला गजराबाई आणि तिच्या दोन सुना, अशा तिघी लागल्या. गजराबाई कोण? आचाऱ्याची बायको. आता राजवाड्याची चूल तिच्याकडे होती.

तुम्ही म्हणाल, छान झालं की, भोपळे खायचे. पण थांबा. तिथेच तर घोडं पेंड खातं.

तुम्हाला एक ठाऊक नसेल. आमच्या आईच्या वेळीसुद्धा होतं हे. अख्खा भोपळा बाईने आधी चिरायचा नाही. घरातल्या पुरुषाने त्याला पहिली सुरी लावायची, मग बाईने त्याची भाजी करावी नाहीतर भरीत करावं. का? तर म्हणे भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा. बाईने त्याच्यावर सुरी धरली की थोरल्या मुलावर संकट येतं. कोणी पाहिलं होतं संकट आलेलं? कोणी नाही. पण चिरूनही कोणी पाहिलं नव्हतं. वेणू, तोंड वाकडं करू नकोस. मलाही ते पटत नाही. पण ज्या आईचा मुलगा महिनोन्महिने परत आला नाही, तिला जाऊन सांग बघू, काही होत नाही, चीर म्हणून. ती चिरेल का?

नाहीच चिरणार. तांबडमाळात कोणीच चिरला नाही. भोपळे घराघरात कोपऱ्यात बसले आणि बायका त्यांच्याकडे बघत मिठाशी भाकरी खायला लागल्या. भोपळ्याचं एक बरं असतं, अख्खा ठेवला की महिनोन्महिने टिकतो. पण हे नुसते टिकत नव्हते, वाढत होते. वेलावरून तोडलेले, तरी रोज थोडे थोडे फुगत होते. राजवाड्यातल्या भोपळ्याने तर स्वयंपाकघराचं दारच अडवलं. मग गजराबाई खिडकीतून ये-जा करायला लागली. आणि ती काही बारीक बाई नव्हती.

राजाची आई रोज सकाळी त्या भोपळ्यापाशी येऊन बसायची. पदराने त्याच्यावरची धूळ पुसायची. कोणाला त्याच्याजवळ सुरी आणू द्यायची नाही. भोपळा नीट आहे ना, मग माझा यशोधरही नीट असेल, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं. वेडी माया. पण माया अशीच असते.

आणि त्यातच राणीला डोहाळे लागले.

राणीचं नाव केतकी. राजा गेला तेव्हा तिला नुकतेच दिवस गेले होते. डोहाळे म्हणजे काय, तर पोटातलं बाळ आईच्या तोंडून खायला मागतं. कोणी चिंचा मागतं, कोणी मातीची ढेकळं. केतकीच्या बाळाने काय मागावं? भोपळ्याचे घारगे. गूळ घालून शिजवलेला भोपळा, त्यात मावेल तेवढी कणीक, आणि तुपात तळलेले. तुम्ही आत्ता जेवताना हाणलेत ना, तस्से. दुसरं काही तिच्या पोटात ठरेना. पेज दिली, उलटली. दूध दिलं, उलटलं. लाह्यासुद्धा उलटल्या. केतकी बिचारी शहाणी. तिने स्वतःहून घारग्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. पण झोपेत बडबडली आणि सुईणीने ऐकलं.

मग राजवाड्यात बायकांची सभा भरली. पुरुष नाही, तर पुरुषाच्या जागी काय चालेल?

पहिल्यांदा कोणाला तरी राघू आठवला. राणीचा पिंजऱ्यातला पोपट. म्हणाल्या, राघू काही झालं तरी पुरुषच. त्याने चोचीने सुरीला शिवावं, की झालं. राजमाता अर्धवट मनाने हो म्हणाली. राघूला आणला, त्याच्यापुढे सुरी धरली. राघूने सुरीकडे पाहिलं, गजराबाईकडे पाहिलं आणि तिच्या अंगठ्याला असा कडकडून चावला, की सुरी एकीकडे आणि गजराबाई दुसरीकडे. राघू उडून आढ्यावर जाऊन बसला आणि काही केल्या खाली येईना. झाला राघूचा पुरुषार्थ.

दुसऱ्यांदा राजमातेलाच सुचलं. त्या काळी काय होतं, नवरदेव लढाईत अडकला तर त्याच्या तलवारीशी नवरीचं लग्न लावायचे. ती म्हणाली, तलवार लग्नाला चालते तर भोपळ्याला का चालू नये? यशोधरची जुनी तलवार काढली. तिच्या मुठीला त्याची पगडी बांधली. आढ्याला दोर टाकून तलवार भोपळ्यावर टांगली. आता दोर सोडायचा कोणी? बाईने सोडला तर बाईनेच चिरल्यासारखं होईल. मग दोराचं दुसरं टोक खिडकीतून बाहेर काढून म्हाताऱ्या बैलाच्या शिंगाला बांधलं, कारण बैल पुरुष. डोकं बघा कुठे कुठे चालतं! बैलाला पेंड दाखवली. तो बरोबर उलट्या बाजूला गेला आणि तलवार गेली वर. मग त्याला माशी चावली, त्याने मान हिसडली, दोर शिंगावरून निसटला आणि तलवार आली खाली. भोपळ्यावर आपटली, टणकन उडाली आणि जमिनीत रुतून बसली. भोपळ्यावर ओरखडासुद्धा नाही.

तिसऱ्यांदा वाट चुकून एक कासार आला. कासार म्हणजे बांगड्या भरणारा. दूरच्या मुलखातला होता, त्याला इथलं काहीच माहीत नव्हतं. बायकांनी त्याला धरून आणला. त्याला वाटलं, आज सगळ्या बांगड्या खपणार. त्याच्या हातात त्यांनी कोयता दिला. त्याने एक घाव घातला, कोयता सटकला. दुसरा घातला, कोयत्याची धार गेली. मग त्याने वरून दगड हाणला, तर दगडाचे दोन तुकडे. कासाराला घाम फुटला. तो म्हणाला, बाईसाहेब, हा भोपळा परक्याला दाद द्यायचा नाही, घरच्याच माणसाचा हात लागेल याला. आणि बांगड्यांची पेटी उचलून तो जो निघाला, तो त्याने मागे वळून पाहिलं नाही.

आता काय उरलं? काही नाही.

त्या रात्री केतकीला पाणीसुद्धा ठरलं नाही. सकाळी सुईण बाहेर आली. तिचं तोंड उतरलं होतं. तिने राजमातेला बाजूला घेतलं आणि सांगितलं, आज हिच्या पोटात काही गेलं नाही तर ना ही राहील ना बाळ राहील.

राजमाता उठली, खिडकीतून स्वयंपाकघरात शिरली आणि भोपळ्यापुढे जाऊन बसली. बराच वेळ बसली. एकीकडे डोंगरावर गेलेला मुलगा, दुसरीकडे त्याचं पोटातलं बाळ आणि लेकीसारखी सून. कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं? देवाने असं कोड्यात कोणाला टाकू नये रे बाबांनो. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतसुद्धा नव्हती.

मग तिने पदर खोचला आणि गजराबाईला हाक मारली. म्हणाली, दुसरा कोयता आण, आणि वरवंटा.

केतकीच्या कानावर ते गेलं. तिच्या अंगात उठायचंही बळ नव्हतं, तरी भिंत धरत धरत ती खिडकीपर्यंत आली.

"आईसाहेब, नको," ती म्हणाली. "त्यांच्यावर काही आलं, तर माझ्या घशाखाली घास कसा उतरेल?"

"उतरेल," राजमाता म्हणाली. "मी उतरवायला लावीन. तो दूर आहे, त्याला मला आत्ता काही देता येत नाही. तू माझ्यासमोर आहेस. समोर उपाशी माणूस ठेवून मी दूरच्याला जपत बसले, तर त्यालाच ते आवडायचं नाही. जे यायचं ते माझ्या माथी येऊ दे. तू जाऊन पड."

मग तिने काय केलं? भोपळ्याखाली गोणपाट टाकलं, म्हणजे तो गडगडणार नाही. राजमाता असली म्हणून काय झालं, लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिलाही चुलीपुढे बसवलंच होतं. कोणती भाजी कुठे धरायची, हात विसरत नाहीत. देठापासून खाली भोपळ्याला अशा खाचा असतात ना, त्यातल्या एका खाचेत तिने कोयत्याचं टोक ठेवलं. डोळे मिटले. म्हणाली, यशोधरा, माझ्या बाळा, मला क्षमा कर. आणि वरवंट्याने कोयत्याच्या पाठीवर मारलं.

टक्.

कोयता आत गेला.

तलवारीला नाही, कासाराला नाही, आणि म्हातारीच्या हाताला भोपळ्याने वाट दिली. तिने पुन्हा मारलं. कोयता थोडा हलवला, पुन्हा मारलं. काही लोण्यात सुरी जाते तसा गेला नाही बरं का, चांगला दम लागला तिला. मग करकर आवाज झाला आणि भोपळा उकलला. आत काय होतं? भोपळ्यात असतं तेच. केशरी गर, जाळी आणि टपोऱ्या बिया. कच्च्या भोपळ्याचा गोडसर वास घरभर सुटला.

सगळ्या बायका श्वास धरून उभ्या होत्या. वाटलं, वीज पडेल, भिंत कोसळेल. काही झालं नाही. आढ्यावरून राघू खाली आला आणि एक बी उचलून सोलायला लागला.

मग काय, हातच चालायला लागले. कोणी फोडी केल्या, कोणी साली काढल्या, कोणी किसलं. साली चटणीला बाजूला ठेवल्या, बिया धुऊन उन्हात टाकल्या. किसात गूळ घालून गजराबाईने तो चुलीवर ठेवला. गूळ विरघळला, कीस मऊ झाला, रटरटायला लागला. निवल्यावर त्यात चिमूटभर मीठ, थोडी वेलची आणि कणीक. पाण्याचा थेंब नाही घालायचा हं, भोपळ्याच्याच ओलाव्यात मळायचं. मग ओल्या फडक्यावर थापून एकेक घारगा तुपात सोडला. टम्म फुगला.

केतकीने पहिला घारगा खाल्ला. सगळ्या तिच्याकडे बघत बसल्या. तिने दुसरा खाल्ला. उलटी नाही. तिसरा मागितला तेव्हा सुईण मटकन खाली बसली आणि हसायलाच लागली. केतकीच्या गालावर रंग आला. पोटातलं बाळ असं उड्या मारायला लागलं, की तिलाही हसू आवरेना. किती दिवसांनी त्या घरात कोणी मोकळा श्वास घेतला होता.

राजमातेने मात्र एक तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. ती वेशीवर जाऊन बसली, डोंगराच्या वाटेकडे तोंड करून. तिला वाटत होतं, आता बातमी येईल. कशी बातमी, ते तिला मनातसुद्धा म्हणायचं नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं. मग वाटेवर एक माणूस दिसला. एकटाच. घोडा नाही, काठी नाही. कपडे चुरगळलेले, डोळे उन्हाने दिपलेले. जवळ आला. यशोधर.

राजमाता जागची हलली नाही. तिने आधी त्याच्या पावलांकडे पाहिलं. भुताची पावलं उलटी असतात ना, म्हणून. पावलं सुलटी होती. धुळीत बोटं पुढे आणि टाचा मागे. तेव्हा कुठे तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ती धडपडत उठली. त्यानेच तिला धरलं.

मग त्याने सांगितलं. राक्षस त्यांना दिसलाच नाही, नुसता हसला. आणि तो हसला तसा जो तो एकेका गोल खोलीत जाऊन पडला. भिंती तांबूस, खाचा पडलेल्या. दार नाही, खिडकी नाही. तहान नाही, भूक नाही, रात्र कुठली आणि दिवस कुठला कळायचं नाही. राजाने हाका मारल्या, भिंतीवर मुठी आपटल्या. तेव्हा बाहेरून राक्षस म्हणाला,

"याचं कुलूप मी तुझ्या घरी पाठवून दिलंय. तुझ्या घरच्या बाईच्या हातचा एक घाव लागला, की ते उघडेल. पण ती घाव घालायची नाही. फार माया आहे ना तिची तुझ्यावर."

कुठलं कुलूप, ते राजाला कधी कळलं नाही. आणि आज सकाळी डोक्यावर टक् असा आवाज झाला, भिंतीला फट पडली, उजेड आत आला. कच्च्या भोपळ्याचा वास आला. तो फटीतून बाहेर आला तर डोंगरावर उभा.

राजमातेने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हातांना अजून भोपळ्याचा चीक लागलेला होता.

"ते कुलूप आपल्या स्वयंपाकघरात होतं रे," ती म्हणाली. "मी रोज ते पदराने पुसत होते. कोणाला हात लावू देत नव्हते. तुला जपते आहे असं वाटत होतं मला."

यशोधरने तिचे हात धरले आणि त्या चिकट हातांवर डोकं टेकलं. त्या दोघांना तिथे थोडा वेळ राहू द्या.

काय रे बंडू? मग राजाला खाल्लं का घारग्यात घालून? गप. माणूस डोंगरावर, भोपळा घरात. नुसतं कुलूप होतं ते. कुलूप खाल्लं, माणूस सुटला. नीट ऐकत जा.

तर थोड्या वेळाने राजमातेने डोळे पुसले आणि विचारलं, बाकीचे कुठे आहेत? राजा म्हणाला, अजून आतच. डोंगरभर मोठे मोठे गोल धोंडे आहेत, आणि आतून ठोकल्याचे आवाज येतात.

मग राजमाता बसते कशाला? ती तडक पारावर गेली, हातात कोयता. बायका जमल्या. तिने सांगितलं, भोपळे चिरा. पण एवढ्या वर्षांची भीती अशी पटकन जाते होय? एक म्हणाली, तुमचा आला, तुम्हाला म्हणायला काय जातं. राजमाता रागावली नाही. म्हणाली, बाई गं, काल मीही हेच म्हटलं असतं. हा बघ माझा मुलगा. हात लावून बघ. मग एकेकीने राजाला हात लावून पाहिलं. पावलंही पाहिली. लोहाराच्या बायकोने त्याला चिमटासुद्धा काढला. राजा ओय म्हणाला. तेव्हा त्यांची खात्री पटली.

आणि मग अख्ख्या तांबडमाळात टक् टक् टक् सुरू झालं. या गल्लीत टक्, त्या आळीत टक्. ज्यांच्या घरचा एक गेला त्यांच्या घरी एक भोपळा, ज्यांचे तीन गेले त्यांच्या घरी तीन. इकडे भोपळा उकलला की तिकडे धोंडा उकलायचा आणि एक माणूस डोळे चोळत बाहेर यायचा. उन्हं कलली तोवर डोंगराची वाट माणसांनी भरून गेली. सुतार आला, लोहार आला, गजराबाईचा आचारी आला. आला तो आधी विचारतो, माझी कढई कोणी घेतली? गजराबाई म्हणाली, मी घेतली, आणि ती आता माझीच. ते गुराखी आले, पहिल्यांदा हरवले होते ते. त्यांच्या आया त्यांना सोडेनातच. घराघरात चुली पेटल्या. कोणाकडे भाजी, कोणाकडे भरीत, कोणाकडे घारगे.

राक्षसाचं काय झालं? ज्याची सगळी कुलपं एका दुपारी फुटली, तो तिथे थांबतो कशाला? गेला असेल कुठेतरी, जिथे बायका भोपळे चिरत नाहीत तिथे.

गजराबाईने राजमातेसाठी ताट आणलं. ती पुन्हा वेशीवर जाऊन बसली होती. म्हणाली, सगळी येऊ देत, मग जेवते. सगळी आली. पण एक येईना. गणोबा. ठमाबाईचा नवरा.

राजमाता उठून ठमाबाईच्या घरी गेली. बघते तर काय, ठमाबाई ओसरीवर केसांना तेल लावून निवांत बसलेली. शेजारी भोपळा, तसाच्या तसा. राजमातेने विचारलं, काय गं, चिरला नाहीस अजून? भीती वाटते का?

"भीती कसली, आईसाहेब," ठमाबाई म्हणाली. "चिरणार आहे हो. पण घर इतकं शांत कधी नव्हतं. रोज मिठावरून कटकट, वर रात्रभर घोरणं. म्हटलं, तो येणार हे तर आता ठरलंय. मग तेवढी एक दुपार मला असू दे."

राजमाता हसली. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. अशी हसली, की तिला उंबऱ्यावर टेकावं लागलं.

"चीर गं बाई," ती म्हणाली. "मी फार शांतता ऐकली आहे. आता मला कटकट ऐकायची आहे."

मग ठमाबाईने सुस्कारा टाकला, गोणपाट घातलं आणि कोयता खाचेत ठेवला. टक्. दिवेलागणीच्या आत गणोबा हजर. पाटावर बसला, भोपळ्याच्या भाजीचा एक घास घेतला आणि म्हणाला, मीठ कमी आहे. आणि ठमाबाई बघा, म्हणे माझ्या डोळ्यांत धूर गेला. चूल तर केव्हाच विझली होती.

मग राजमाता घरी आली. म्हणाली, आता वाढा. यशोधरने ताट पुढे ठेवलं, केतकीने त्यावर घारगा वाढला. सकाळचा होता, गार झाला होता. तिने तो तुपात बुडवला आणि सगळा खाल्ला. आणखी एक मागितला. खाता खाता तिथेच, पाटावर बसल्या बसल्या, तिचा डोळा लागला. किती दिवसांची झोप राहिली होती तिची. मुलाने तिला उचलून नेलं, सुनेने पांघरूण घातलं.

पुढे केतकीला मुलगी झाली, गोरीगोमटी, गोल गरगरीत. मामाच्या गावाहून मुलगे आले, आजोबा आले. तांबडमाळात भोपळा कोण चिरतं ते पुन्हा कोणी विचारलं नाही. ज्याच्या हाताला कोयता लागेल तो चिरायचा. सगळी सुखाने राहिली, पोटभर जेवली, आणि मिठावरून भांडलीसुद्धा.

झालं. दिवा बारीक केला मी. घरातली सगळी माणसं घरात आहेत, दाराला कडी लावली आहे. राजमाता झोपली, तुम्हीही झोपा आता.